सरूबाईची पात

लक्ष्मीबाईच्या टोळीतल्या अकरा बाया भर दुपारी बारा वाजता भाकरी न खाताच उठल्या आणि खुरपी पदरात गुंडाळून पिशोरच्या रस्त्याला लागल्या. सुरेखा मोटार बंद करून विहिरीवरून येत होती. तिनं लांबूनच हाक मारली, तर एकीनंही मागं वळून पाहिलं नाही. लक्ष्मीबाई तेवढी थांबली. साठीची बाई, अर्ध्या तालुक्याची वावरं खुरपून हाताची बोटं वाकडी झालेली. सहसा कशाला भीत नसे.

"सुरेखाबाई, राग मानू नगा," ती म्हणाली. "बाया उद्यापून येनार नाय."

"कामून? काय कमी पडलं? चहा दोनदा दिला."

"चहाचं नाय वो." लक्ष्मीबाईनं बांधाकडं पाहिलं आणि लगेच मान फिरवली. "बांधापल्याड खुरपं चालतंय. जेवायला बसलं की चालतंय. म्या गवत बाजूला करून बघितलं. मानूस नाय, काय नाय. निस्ते तनाचे ढीग. मुळं वर केलेले."

सुरेखानं पाण्याचा डबा खाली ठेवला. मुळं वर करून ढीग घालणारी बाई त्या शिवारात एकच होती, आणि तिला जाऊन महिना उलटला होता.

दोन वावरांची गोष्ट सांगायची तर एका बांधाचीच सांगावी लागते. रामकिसन आणि गोकुळ हे सख्खे भाऊ. वाटण्या झाल्या तेव्हा दीड-दीड एकर दोघांच्या वाट्याला आलं आणि मध्ये बांध पडला. पुढं गोकुळनं बांधावर गजराज गवत लावलं, ते पुरुषभर वाढलं आणि भावाचं तोंड दिसेनासं झालं. भाऊ तरी कधीमधी पारावर बोलत. त्यांच्या बायका मात्र बावीस वर्षं एकमेकींशी खुरप्यानंच बोलल्या.

गोकुळची बायको सुरेखा शहरातल्या मुकुंदवाडीची. रेल्वे स्टेशनाच्या अंगाला दोन खोल्या, बाप कंपनीत. लग्न होऊन आली तेव्हा तिला खुरप्याची मूठ कुठली आणि पातं कुठलं एवढंच कळत होतं. पहिल्याच दिवशी थोरल्या जावेनं, सरूबाईनं, तिला शेजारची पात दिली. पात म्हणजे खुरपणीत एकेकीच्या वाट्याला आलेला पट्टा. बाया ओळीनं बसतात आणि आपापली पात रेटत पुढं सरकतात. सरूबाई शेवटाला पोचली तेव्हा सुरेखा चार हातांवर होती, आणि तिच्या ढिगात तणाबरोबर बाजरीची रोपंही उपटून पडली होती. सरूबाईनं एक रोप उचललं, साऱ्या बायांना दाखवलं.

"मुकुंदवाडीवाले," ती म्हणाली, "रूळ मोजायला बरी व्हतीस. वावरात कशाला आली?"

बाया पोट धरून हसल्या. सुरेखा रात्रभर रडली आणि सकाळी सगळ्यांच्या आधी वावरात जाऊन बसली. बोटांना फोड आले, फुटले, त्या जागी घट्टे पडले. तिसऱ्या वर्षी ती सरूबाईच्या मागं दहा हातांवर होती, सातव्या वर्षी बरोबरीनं. वाटण्या झाल्या, दोन्हीकडं अद्रक लागली, तरी शर्यत थांबली नाही. गवतापलीकडची दिसत नसे, म्हणून सरूबाईनं एक रीत काढली. पात संपली की ती खुरपं दगडावर दोनदा आपटी. टक्, टक्. माती झाडायची म्हणा, नाहीतर 'मी पोचले, तू कुठं आहेस' असं विचारायचं म्हणा. सुरेखा आपली पात संपली की तसंच आपटी. तेव्हापासून त्यांचं एवढंच संभाषण, आणि ते अगदी रोजचं.

खुरपणीत आणखी एक रीत असते. जिची पात आधी संपते ती उलटी फिरते आणि मागं राहिलेलीच्या पातीला शेवटाकडून लागते; दोघी मध्ये भेटतात. याला पात काढू लागणं म्हणतात. वैरीण असली तरी बाई एवढं करते. या दोघी एकमेकींची पात एकदाही काढू लागल्या नाहीत.

आषाढातल्या त्या दुपारी ढग होते पण वारा नव्हता. अंगाला नुसती उकड चिकटत होती. बांधालगतच्या शेवटच्या पातीवर दोघी समोरासमोर होत्या, मध्ये गवत. निम्म्या पातीवर पलीकडचं खुरपं थांबलं. सुरेखाला ते कळलं. तिला आनंद झाला, खोटं कशाला बोला. दमली म्हातारी, असं मनात म्हणून तिनं हात आणखी उचलला, पात शेवटाला नेली आणि खुरपं दगडावर दोनदा आपटलं. उत्तर आलं नाही.

"का वो बाई, दमल्या का?" तिनं मोठ्यानं विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा टोमणा मारायची पाळी तिची होती, आणि ती तिनं सोडली नाही.

मग तिनं आरामात पाणी पिऊन घेतलं. मग गवत बाजूला केलं. सरूबाई पातीत बसल्या जागी पुढं वाकली होती, कपाळ मातीला टेकलं होतं, खुरपं मुठीत तसंच होतं. डॉक्टर म्हणाले, काळजाचं दुखणं, अर्धा तास आधी आणलं असतं तर काही करता आलं असतं. अर्धी पात रेटायला किती वेळ लागतो, हे सुरेखाशिवाय तिथं कुणाला माहीत नव्हतं.

तेव्हापासून तिचा हात गेला. दुखत नव्हता, थरथरत नव्हता, पण पुढं सरकायचा नाही. दिवसाकाठी एक पात होईना. आषाढाच्या झडीनं तण माजलं. केना, लव्हाळा, हराळी अद्रकीच्या पानांच्या वर आली. एके दिवशी तिच्या खुरप्यानं ठिबकची नळी कापली. पाण्याचं कारंजं उडालं. गोकुळ धावत आला आणि शेजारच्या वावरात फवारणी करणाऱ्या गड्यांसमोर बोलला, "आंधळी झालीस काय? बावीस वर्षांत नळीला धक्का लागला नव्हता तुहा!" गडी हसले नाहीत, त्यांनी माना खाली घातल्या. ते जास्त लागलं.

टोळी गेली त्या संध्याकाळी गोकुळ ओसरीवर बसून जरा मऊ बोलला.

"हे बघ, तुह्याच्यानं आता होत नाय. पोळ्यानंतर अद्रकीला मातीची भर लावायची वेळ येती. तोवर तन निघालं तर निघालं, नाय तर वावर निम्म्या बटईनं देऊन टाकतो नानासाहेबाला. तू घरी बस आता. लई केलंस."

'लई केलंस' हे त्याला चांगलं वाटून म्हणायचं होतं. सुरेखाला ते तिरडीवर हळद-कुंकू वाहिल्यासारखं वाटलं. वावर दुसऱ्याच्या हाती गेलं की तिनं करायचं काय? मुकुंदवाडीची पोर इथं कुणी झाली होती ती त्या दीड एकरात झाली होती.

"पोळ्यापर्यंत थांबा," ती म्हणाली. "एकलीनं काढते."

चार दिवसांनी नागपंचमी आली. त्या दिवशी कुणी मातीला लोखंड लावत नाही. नांगर नाही, कुदळ नाही, खुरपं नाही. चुलीवर तवासुद्धा ठेवत नाहीत. शिवार सुनं होतं. सुरेखा पुरणाची दिंडं उकडून, वारुळाला लाह्या वाहून, वासराला हातानं ओरबाडून गवत आणायला म्हणून दुपारी वावरात गेली. ऊन पडलं होतं, पण पिवळं, आजारी माणसाच्या डोळ्यांसारखं. पाखरू बोलत नव्हतं. ती बांधावर वाकली आणि तिला ऐकू आलं.

खर्र. खर्र. मग माती झटकल्याचा आवाज. मग पुन्हा खर्र.

तिनं गवताला हात घातला पण बाजूला करवेना. आवाज सावकाश, एका लयीत बांधाच्या कडेनं सरकत शेवटाला गेला. आणि तिथं थांबून दगडावर वाजला. टक्, टक्.

सुरेखा रिकामी पाटी तिथंच टाकून घरी आली. दारात पाय धुताना तिचे दात वाजत होते. गोकुळनं विचारलं तर म्हणाली, थंडी वाजती. रात्री मात्र पांघरुणात पडल्या पडल्या तिला भीतीच्या खालून दुसरंच काही वर आल्यासारखं झालं. तिनं ओळखलं, तो राग होता. मेली तरी पुढंच. पंचमीलासुद्धा हात थांबत नाही हिचा. आणि मी इथं तोंड झाकून पडले.

दुसऱ्या दिवशी ती बारा वाजता जेवायला बसलीच नाही. पातीत बसून वाट पाहत राहिली. पलीकडं खर्र झालं, तसा तिनं हात टाकला. पहिल्या दिवशी पलीकडचं टक्-टक् झालं तेव्हा ती निम्म्यावर होती. दुसऱ्या दिवशी पाऊण. पाठ धरली, मांड्यांना गोळे आले, केन्याच्या चिकट रसानं बोटं हिरवी झाली, पण हात चालला. घाम डोळ्यांत उतरे आणि अंगावर काटाही तसाच उभा असे, दोन्ही एकदम. चौथ्या दिवशी तिनं आपली पात आधी संपवली. खुरपं उचललं, दगडावर आपटायला हात वर नेला आणि तसाच राहिला. मागच्या वेळी आपटलं होतं तेव्हा काय झालं होतं, ते आठवलं. ती गुपचूप उठून आली.

मग पाचव्या दिवशी एक चमत्कारिक गोष्ट झाली. पलीकडचा हात एकाएकी सुस्त पडला. खर्र होई, थांबे, पुन्हा दोनदा घाईघाईनं होई. लय तुटली. सुरेखाला ते बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. पहिल्या वेळी थांबलं तसंच थांबतंय की काय, असं वाटून तिनं खुरपं टाकलं आणि ती रामकिसनला विचारायला पाराकडं निघाली.

पाराजवळच तो भेटला. महिन्याभरात माणूस निम्मा झाला होता. दाढी वाढलेली, टोपी मळकी.

"भाऊजी, तुमच्या वावरात कोन खुरपतंय?"

रामकिसननं तिच्याकडं असं पाहिलं, जणू तिनं सरूबाई घरी आहे का असं विचारलं. "कोनी नाय. त्या वावरात ह्या साली कोनी पाय टाकायचा नाय, सांगितलंय म्या घरात. सडू दे अद्रक. मला नाय बघवत ते." आणि तो पुन्हा पारावर जाऊन बसला. रोज दुपारी तो पारावरच असे.

सुरेखा परत फिरली. विहिरीपाशी थांबून तिनं तोंडावर पाणी मारलं. वाटण्या झाल्यापासून न ओलांडलेला बांध होता तो. प्रेत उचलायलासुद्धा ती अलीकडंच उभी राहिली होती. दोन्ही हातांनी तिनं गजराज फाकवला. पानांच्या धारांनी मनगटं कापली. आणि ती पलीकडं उतरली.

समोर अद्रकीच्या वाफ्यात एक पोरगी उकिडवी बसली होती. पदर डोक्यावर बांधलेला, पाय चिखलात, हातात सरूबाईचं खुरपं. मुठीला लाल चिंधी गुंडाळलेलं, सुरेखानं ते हजारांत ओळखलं असतं. पोरगी दचकून मागं पडली. ती तनुजा होती, सरूबाईची सून. चैत्रात लग्न होऊन आलेली, देवगाव रंगारीच्या मास्तरांची लेक. नवरा आकाश शहरात कंपनीत, आठवड्याला यायचा.

पोरीनं सावरून पदर नीट केला.

"काकू, आबांना सांगू नका," तनुजा म्हणाली. "ते रागावतील. ते पारावर जातात तेव्हाच येते मी. बाया आल्या की पाटात लपते."

"कशापाई करतीस?"

तनुजानं मान खाली घातली. "आत्याबाईंनी शिकवायला घेतलं होतं. मला जमत नव्हतं. गेल्या त्याच्या आदल्या दिवशी म्हणाल्या, 'पल्याड तुझी काकू हाय. तिच्या बरोबरीनं जाशील त्या दिवशी तू शेतकरीन. माझा हात तिच्यामुळंच चालतो. ती नसती तर म्या कवाच बसले असते.'"

सुरेखा मातीत बसली. सरूबाईनं असं काही म्हणावं, तेही तिच्या पाठीमागं, याची तिला सवय नव्हती. बाईनं तोंडावर कधी एक शब्द गोड काढला नाही. आणि आपण तरी कुठं काढला? तिला वाटलं, हे आषाढात कळलं असतं तर मी त्या दिवशी पाणी पीत बसले नसते.

"आनि दगडावर कामून आपटतीस?" तिनं डोळे पुसून विचारलं.

"आपटायचं असतं ना?" तनुजा गोंधळली. "पात झाली की. आत्याबाई रोज करायच्या. मला वाटलं, कामाची रीतच असेल."

सुरेखाला हसू आलं, आणि ते अर्ध्यातच अडकलं. "पंचमीला तरी हात ठेवायचास पोरी. त्या दिशी लोखंड लावत नाय मातीला."

"पंचमीला मी इथं कुठं होते?" तनुजा म्हणाली. "पहिली पंचमी, भाऊ न्यायला आला होता. पाच-सहा दिवस देवगावलाच होते. आजच सकाळी आले. म्हणून तर हात चालत नाहीये माझा. बघा ना, एवढ्याशा पातीला किती वेळ."

वारा नव्हता, तरी बांधावरचं गवत एकदा सळसळलं. सुरेखानं आजूबाजूला पाहिलं. सहा पाती स्वच्छ होत्या. ढिगाशेजारी ढीग, मुळं आभाळाकडं. बांधालगतची शेवटची पात तेवढी गच्च माजली होती.

"ती कामून सोडली?"

"तिथं आत्याबाई..." तनुजानं पुढं बोलायचं टाळलं. "ती मी धरत नाही."

पोरीला जवळ घ्यावं असं सुरेखाला फार वाटलं. तिच्या तळहाताला फोड आले होते, एक फुटून चिखल आत गेला होता. सुरेखानं तो हात हातात घेतला, पाहिला आणि सोडला. तिच्या ढिगातून अद्रकीचा एक उपटून आलेला कोंब बोटाच्या चिमटीत धरला. तिला माहीत होतं, आता गोड बोललं तर ही उद्या येणार नाही.

"मास्तराची लेक," ती म्हणाली, "पाटीवर रेघोट्या वढायला बरी व्हतीस. वावरात कशाला आली?"

तनुजाचे कान लाल झाले. डोळ्यांत पाणी आलं पण तिनं ते पडू दिलं नाही. काही न बोलता तिनं खुरपं उचललं आणि पात धरली. सुरेखा बांध ओलांडून अलीकडं आली, आणि तिच्या मागं खर्र खर्र सुरू झालं, रागानं भरलेलं. तिनं तो आवाज ओळखला. तो बावीस वर्षांपूर्वीचा तिचाच होता.

त्यानंतर पोळ्यापर्यंत दोन्ही वावरांत दुपारी खुरपी चालली. रामकिसनला आठ दिवसांनी कळलं. तो ओरडायला म्हणून आला, सुनेचा हात बघत बांधावर उभा राहिला आणि गुमान पाणी द्यायला लागला. तनुजा पहिल्यांदा पाच हात मागं असे, मग दोन हात. सुरेखाला आता मागं बघायची सोय नव्हती. गोकुळनं नानासाहेबाचं नाव काढणं सोडून दिलं. लक्ष्मीबाई रस्त्यानं जाताना दोन खुरपी ऐकून थबके आणि भराभर पावलं उचली.

सुरेखाला मात्र कधीकधी तिसरं ऐकू येई. दोघींच्या मधून, बांधाच्या अगदी पायथ्यापासून. ती तनुजाला काही बोलली नाही.

खांदेमळणीच्या दिवशी, म्हणजे पोळ्याच्या आदल्या दिवशी, घराघरांत बैलांचे खांदे तुपा-हळदीनं मळत होते. दुपारी बाराला सुरेखाची शेवटची पात संपली. सारं वावर निघालं होतं. तिनं खुरपं उचललं आणि या वेळी हात थांबवला नाही. टक्, टक्. पलीकडून, अगदी पाठोपाठ, तनुजाचं आलं. टक्, टक्.

सुरेखा बांध ओलांडून गेली. तनुजा आपल्या शेवटच्या पातीच्या टोकाला उभी होती, खुरपं कमरेला खोचलेलं, तोंडावर हसू. बांधालगतची ती एकच पात राहिली होती.

"काकू, तिथं नका जाऊ," ती म्हणाली.

"तू उभी राहा हितंच. ही पात माझ्याकडं बाकी हाय."

ती पातीच्या पार शेवटच्या टोकाला गेली आणि उलट्या बाजूनं लागली, मागं राहिलेलीची पात काढू लागतात तशी. गवताच्या सावलीत माती थंड होती. लव्हाळ्याच्या गाठी सुटता सुटत नव्हत्या. चार हात झाले, सहा झाले. आणि समोरून, माजलेल्या तणाच्या आडून, खुरपं चालू लागलं.

खर्र. खर्र. सावकाश, एका लयीत.

सुरेखानं मान वर केली नाही. आवाज जवळ येत होता. तिचा हात मागं सरकू बघत होता, आणि तरी पुढं जात होता.

"त्या दिशी मी थांबले नाय, बाई," ती खालमानेनं म्हणाली. "कळलं व्हतं मला, तुमचं खुरपं थांबल्यालं. मला पोचायचं व्हतं. लई वाईट केलं म्या."

समोरचं खुरपं तसंच चालत राहिलं. काम करताना ती बाई कधी बोलतच नसे. सुरेखानं रडत रडत हात चालवला. हाताहाताचं अंतर उरलं, मग वीतभर. शेवटची हराळीची जुडी तिनं मुळासकट ओढली आणि समोरचा आवाज थांबला.

पुढं तण नव्हतं. त्या जागेपासून पातीच्या दुसऱ्या टोकापर्यंत माती मोकळी होती, ढिगाशेजारी ढीग, मुळं वर. मुळांना चिकटलेली माती अजून ओली होती.

तनुजा भीत भीत जवळ आली. तिनं ढिगांकडं पाहिलं, मग काकूकडं.

"काकू, ही अर्धी तुम्ही सकाळीच काढली होती का?"

सुरेखानं पदरानं तोंड पुसलं.

"व्हय," ती म्हणाली. "तुह्यावानी दुपारपर्यंत लोळत नाय म्या."

तनुजाचे कान पुन्हा लाल झाले. सुरेखा उठली, बांधावरच्या दगडापाशी गेली आणि खुरपं दोनदा आपटलं. मग दगडावर हात ठेवून उभी राहिली. दगड ऊन लागल्यानं तापलेला असायला हवा होता. तो गार होता. पलीकडून काही वाजलं नाही. सरूबाईची पात संपली होती.